शंभर फुटी रोडवरचं गॅरेज, तिथली शिकणारी पोरं आणि माझे पाचपैकी चार स्टार

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, चौदा वर्षं झाली. सांगली-मिरज धरून इकडं तासगाव, विटा आणि तिकडं कवठेमहांकाळ, जत असा एरिया, गाडी रोजची सत्तर-ऐंशी किलोमीटर पळते आणि जतचा दिवस असला की दीडशेच्या पुढं. त्यामुळं ह्या पट्ट्यातल्या गॅरेजांच्या बाकड्यांवर मी जेवढा बसलोय तेवढा डॉक्टरांच्या वेटिंगमधे पण बसलो नसेन.

गॅरेजबद्दल लिहिताना माणसं "काम चांगलं, रेट ठीक" एवढ्यावर उरकतात. मी जरा लांबड लावणार आहे, कारण ह्या गॅरेजात मी दोन नात्यानं जातो. एक गिऱ्हाईक म्हणून, दीड-पावणेदोन वर्षं झाली. दुसरं म्हणजे गेलं वर्षभर माझा भाचा तिथं शिकतोय. गॅरेजचं नाव टाकत नाही, मालकांनीच हात जोडले, "सर, नाव नका टाकू, आत्ताच गाड्या लावायला जागा न्हाई." सांगलीचा शंभर फुटी रोड माहितीये त्यांना सांगायला नको, स्पेअरची दुकानं, टायरवाले, सीटकव्हरवाले, डेंटिंग-पेंटिंग, सगळं ओळीनं, त्यातच हे एक पत्र्याचं शेड. टू-व्हीलरचंच काम. मालकांना पोरं वस्ताद म्हणतात, तालमीतला शब्द गॅरेजात आलाय, आपल्याकडं चालतंय ते, मी पण वस्तादच म्हणतो.

आधी ह्याच्या आधीचं सांगतो, नाहीतर माझं म्हणणं कळणार नाही.

दुसऱ्या एका गॅरेजात (कुठलं ते सोडा) ऑइल बदलायला गाडी दिलेली. पंधरा-सोळा वर्षाचं पोरगं, त्यानं खालचा ऑइलचा बोल्ट काढला, काळं ऑइल सोडलं, बोल्ट लावला, नवीन ऑइल भरलं, मी पैसे दिले, निघालो. कवठे एकंदच्या पुढं गेल्यावर उजवा बूट तेलकट लागायला लागला. खाली वाकून बघतो तर बोल्टापाशनं धार. बोल्ट तिरका बसवून तसाच पिळलेला, आटे गेलेले. पायानं ढकलत एका टपरीपर्यंत आणली, टेम्पो केला, परत त्याच गॅरेजात. तिथल्या मिस्त्रीनं माझ्यासमोर पोराच्या कानाखाली एक काढली आणि मला म्हणाला, "साहेब पोरगं नवीन आहे, सांभाळून घ्या." चेंबर, म्हणजे इंजिनचा खालचा ऑइलचा भाग, लेथवाल्याकडं पाठवून बुश बसवून नवीन आटे मारून घेतले, अर्धा खर्च माझ्याच बोडक्यावर.

मला त्या मारण्याचा राग आला तो आलाच, पण घरी येऊन डोक्यात दुसरंच चालू होतं. त्या पोराला बोल्ट किती आवळायचा हे कुणी सांगितलं होतं का? आधी चार फेरे नुसत्या बोटांनी बसवायचा, बोटानं गेला नाही तर समजायचं तिरका बसलाय, मग पाना लावायचा, एवढी दोन वाक्यं. मी त्याला विचारलं पण होतं, तर म्हणाला "मिस्त्री करत्यात ते बघून केलं." खरंच बघूनच केलं होतं. मिस्त्रीच्या बोटांना काय लागतं ते बघून दिसत नाही ना पण.

नंतर ती गाडी विकली, आत्ताची १२५ सीसीची बीएस सिक्सवाली, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, घेतली. दोन वर्षांनी तिचा इंजिनचा पिवळा लाइट पेटायला लागला आणि गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मधेच झटके द्यायला लागली, अ‍ॅव्हरेज पण पडलं. एका ठिकाणी प्लग बदलून दिला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलमधे पाणी आहे म्हणाले, टाकी खाली करून दिली. तिसऱ्यानं सरळ सांगितलं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलंय, आठ-नऊ हजार धरा. तिथनं निघालो आणि आमच्या एका स्टॉकिस्टनं ह्या वस्तादांकडं पाठवलं.

वस्तादांनी गाडीला हातच लावला नाही. एका पोराला हाक मारली आणि मला म्हणाले, "सर, हे पोरगं करणार, मी शेजारी बसणार. वेळ लागंल. घाई असंल तर मिस्त्री करतील, पैसे तेवढंच." हे असं आधी विचारणारा माणूस मला चौदा वर्षांत पहिल्यांदा भेटला. मी म्हटलं करू दे.

पोरानं आधी मला विचारलं, लाइट कधी पेटतो, गार असताना का तापल्यावर, खड्ड्यात गेल्यावर जास्त मारते का सरळ रोडला पण मारते. मी सांगितलं ते त्यानं वहीत लिहिलं, माझ्याच शब्दात, "खड्ड्यात जास्त मारते". मग किल्ली फिरवून लाइटची लुकलुक मोजायला बसला. माझ्या गाडीत लाइट लांब लुकलुकला तर दहा आणि बारीक लुकलुकला तर एक धरायचा, हे मला तेव्हा कळलं. दोन लांब, एक बारीक. एकवीस नंबरचा कोड. पुस्तकात बघून म्हणाला, "वस्ताद, ओटू सेन्सर, बदलूया." हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो, जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघून ईसीएमला कळवतो, मग ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करतं.

आता इथं दुसरीकडं असतं तर सेन्सर मागवला असता, बसवला असता, दोन-अडीच हजाराचं बिल. वस्ताद म्हणाले, "कोड काय म्हणतोय? सेन्सर गेला म्हणतोय का त्या लायनीत गडबड हाय म्हणतोय?" पोरगं गप्प. "आणि सरांनी काय सांगितलं, वही वाच." पोरानं वाचलं, खड्ड्यात जास्त मारते. "सेन्सरला खड्डा कळतोय व्हय रं?" मग पोरगं हसलं, व्होल्टेज बघायचा मल्टिमीटर आणला, कपलर म्हणजे वायरींचा जोड सोडला, एकेक वायर धरून हलवत बघत गेलं. कपलरच्या दोन इंच अलीकडं एक वायर आतनं तुटलेली, वरनं रबर साबूत, गाडी हलली की टेकते-सुटते. उंदरानं कुरतडायला सुरुवात केलेली बहुतेक, आमच्या घरामागं उसाचं रान आहे. वायर जोडली, झाळलं, वर स्लीव्ह चढवली, लाइट गेला. दोन तास लागले आणि बिल अडीचशे रुपये. आठ-नऊ हजारावरनं अडीचशे.

ह्या दोन तासात मला जे दिसलं त्याच्यासाठीच खरं हे लिहितोय.

वस्ताद स्वतः नव्वदच्या सुमाराला मिरजेत शिकले. ते सांगतात की पहिली दोन वर्षं नुसतं रॉकेलमधे पार्ट धुतले आणि चहा आणला, कुणी काही सांगितलं नाही, बघून बघून शिकलो. आणि ते वाईट नव्हतं असं पण ते म्हणतात, कारण तेव्हाची गाडी बघून कळायची. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा पार्ट, उघडला की जेटमधे कचरा दिसतो, फ्लोटमधनं पेट्रोल ओव्हर होतंय ते दिसतं, प्लग काळा का पांढरा ते दिसतं, पॉइंटची ठिणगी दिसते. गुरू हात चालवतोय आणि चेला बघतोय, झालं शिक्षण. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत अजून असंच चालतं, पोरगं भोपळा घासणाऱ्या हाताशेजारी वर्षानुवर्षं बसतं आणि कधीतरी त्याच्या हातात येतं ते. पण १ एप्रिल २०२० पासनं बीएस सिक्स आलं आणि नव्या मोटरसायकलींतनं कार्बोरेटर जवळजवळ संपलाच. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीएम ठरवतं, सेन्सरकडनं येणाऱ्या व्होल्टेजवरनं. व्होल्टेज बघायला कुठं मिळतंय? मिस्त्री मीटर लावून मनात काहीतरी हिशोब करतो आणि वायर धरतो, शेजारी बसलेल्या पोराला फक्त एवढं दिसतं की मिस्त्रीनं मीटर लावला आणि वायर धरली. का लावला, शून्य पॉइंट कितीला चांगलं म्हणायचं, हे तोंडानं सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. म्हणून आजकाल पार्ट बदलत सुटणारे मिस्त्री एवढे झालेत, त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना शिकवणाऱ्यानं दाखवलं सगळं, बोलून काही सांगितलं नाही.

ह्या गॅरेजात बोलतात. एवढाच फरक आहे आणि लई मोठा आहे.

आता भाच्याचं. दहावी झाली, आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल केलं, दोन वर्षांचा ट्रेड असतो तो. तिथं शिकवणारे चांगले होते असं तोच सांगतो, पण एका इंजिनाभोवती वीस-बावीस पोरं, पुढच्या चार जणांना दिसणार, मागच्यांनी मोबाईल बघायचा. तिथनं मग एका मोठ्या वर्कशॉपला शिकाऊ उमेदवार म्हणून एक वर्ष. ते अगदी कायद्यानं, सरकारी पोर्टलला नोंद, करार, महिन्याच्या महिन्याला स्टायपेंड खात्यात, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. पैशाबद्दल तक्रार नाही. पण वर्षभर काम काय केलं तर गाड्या धुतल्या, वॉशरमधे पाणी भरलं, जुनं ऑइल बॅरलमधे ओतलं, आणि गाडी आत-बाहेर लावायला उभा राहिला. इंजिनला हात लावला तो मोजून तीनदा, त्यातनं एकदा टॉर्च धरायला. पोरगं घरी आलं की मी विचारायचो आज काय शिकलास, तर म्हणायचा "मामा, आज बत्तीस गाड्या धुतल्या."

म्हणजे कागद आहे, हातात काही नाही. आणि इथं वस्तादांकडं बरोबर उलटं, हातात येतंय, कागद नाही.

कागद का नाही तर नियमच तसा आहे. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१ चा, त्यात मधे मधे बदल झाले. २०१९ च्या बदलानंतर तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यायलाच पाहिजेत, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी, घेतले तर घेतले. चारपेक्षा कमी असतील तर विषयच नाही. आता शंभर फुटी रोडवरच्या एका गॅरेजात पगारी माणसं किती असतात हो? आमच्या वस्तादांकडं एक मिस्त्री, एक हेल्पर आणि ते स्वतः. आपल्या गावात गाड्या दुरुस्त कोण करतं तर अशीच दोन-तीन माणसांची गॅरेजं, पोरं खरी शिकतात ती पण तिथंच, आणि कायद्याच्या हिशोबात ती शिकतच नाहीत. आयटीआय पास पोराला त्याच २०१९ च्या नियमानं कमीत कमी ७,००० स्टायपेंड ठरला, आणि त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकारच्या योजनेतनं द्यायचा ठरला. हा आधार मोठ्याला मिळतो आणि ज्याला खरी गरज तो वस्ताद खिशातनं देतो. भाच्याला पहिले तीन महिने ४,००० दिले, आता ७,५०० देतात. चार हजार हे कमीच होते, मी तोंडावर बोललो पण होतो, त्यांनी गल्ला उघडून दाखवला नाही एवढंच.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो, कुणी गॅरेजवाला वाचत असेल तर उपयोगी पडेल.

शेडच्या मागच्या बाजूला एका लाकडी टेबलावर तीन इंजिनं आहेत. ही २०१९ च्या पुरातली. त्या ऑगस्टला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, मारुती चौक, गावभाग सगळं पाण्यात, आणि पाणी उतरल्यावर ह्या रोडला चिखलानं भरलेल्या गाड्यांची जत्रा लागली. कित्येकांनी घरी आल्या आल्या किका मारलेल्या, सेल्फ मारलेला, आणि सिलिंडरमधे पाणी असताना पिस्टन वर जाणार कसा, पाणी काय दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकले. (पुराच्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, आधी प्लग काढायचा, ऑइल सोडायचं, ते दुधाच्या चहासारखं निघतं, नवीन घालून थोडं चालवून ते पण फेकायचं, हे आता सांगलीत शेंबड्या पोराला पण पाठ आहे, पण त्या वर्षी नव्हतं.) ज्यांनी गाड्या सोडून दिल्या त्यातली तीन इंजिनं वस्तादांनी भंगाराच्या भावानं घेऊन ठेवली. नवीन आलेलं पोरगं पहिला महिनाभर रोज संध्याकाळी त्यातलं एक उघडणार आणि परत जोडणार. गिऱ्हाईकाच्या गाडीवर शिकायचं नाही, इथं काय मोडायचं ते मोडा. भाच्यानं पहिल्याच आठवड्यात एक बोल्ट आतच तोडला, वस्ताद म्हणाले, "बरं झालं, आता तुटलेला बोल्ट काढायचा कसा ते शिकूया."

त्या टेबलाशेजारी काटा असलेला जुना टॉर्क पाना टांगलाय, बोल्ट किती जोरानं आवळलाय ते काट्यावर दाखवतो तो. त्याचा एक खेळ चालतो पोरांचा. डोळे मिटून साध्या पान्यानं बोल्ट आवळायचा, मनात पंचवीस धरून, आणि मग काट्यानं बघायचं खरंच किती झाला. कुणाचा बारा, कुणाचा चाळीस. तालमीत जाणारं एक पोरगं होतं त्याचा पन्नासच्या खाली कधी आलाच नाही म्हणे. मी पण एकदा केला, माझा सतरा. त्या कानाखाली खाल्लेल्या पोराची आठवण झाली मला तेव्हा, त्याला असा एक पाना आणि एक भंगार इंजिन मिळालं असतं तर माझा चेंबर वाचला असता.

मग ती वही. दोनशे पानी, प्रत्येक पोराची वेगळी. गिऱ्हाईक काय म्हणालं, मी काय बघितलं, काय मोजलं, काय केलं, असे चार रकाने. वस्ताद संध्याकाळी बघतात आणि तिसरा रकाना रिकामा असला की बोलतात, न मोजता केलंच कसं म्हणून. भाच्याच्या वहीत एका ठिकाणी लाल पेनानं "अंदाज घरी" एवढंच लिहिलेलं बघितलं मी.

आणि एक खूण आहे ती मला सगळ्यात आवडली. ब्रेक, चाकाचा एक्सल, हँडल, ऑइलचा बोल्ट, असल्या जीवावरच्या ठिकाणी आवळणारा पांढऱ्या मार्करनं रेघ मारतो. मग दुसऱ्यानं येऊन तपासून शेजारी पिवळी रेघ मारायची. पिवळी रेघ असल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. आणि मिस्त्रीनं आवळलेलं असलं तर ते पोरानं तपासायचं, हे पण आहे. एकदा मिस्त्रीचाच मागच्या एक्सलचा नट ढिला निघाला आणि तो भाच्याला सापडला, तर पोरगं चार दिवस हवेत होतं. मिस्त्रीला राग आला नसेल असं नाही, पण रेघेमुळं बोलायला जागा उरत नाही. गिऱ्हाईकानं तुम्ही पण गाडी घेताना वाकून बघा, दोन रेघा दिसतात का.

बरं, एवढं कौतुक करून पाचवा स्टार का कापला ते सांगतो.

वेळ. साधी सर्व्हिसिंग जी दुसरीकडं दीड तासात होते ती इथं अर्धा दिवस. वस्ताद आधी विचारतात हे खरं, पण "घाई आहे" म्हटलं तरी मिस्त्री एकच, त्याच्याकडं आधीच चार गाड्या. जतला जायचं असेल त्या दिवशी मी इकडं फिरकत नाही. फोन उचलत नाहीत ते वेगळंच.

बिल. तोंडी. एका कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे, आणि जुने पार्ट मागितले तर देतात, न मागता देत नाहीत. पोरांच्या वहीवर एवढी शिस्त आणि गिऱ्हाईकाच्या कागदावर नाही, हे मला पटलेलं नाही, दोनदा सांगून झालं.

सगळ्यात मोठं म्हणजे पोरांची काळजी. ब्रेक लायनर बदलताना ड्रममधली काळी भुकटी कॉम्प्रेसरची हवा मारून उडवतात, ती सगळी नाकातोंडात, मास्क नाही. ओल्या फडक्यानं पुसली तर काय बिघडणार आहे? पायात चपला. ग्राइंडरला चष्मा ठेवलाय खिळ्याला अडकवून, तो तिथंच असतो. पेट्रोलनं हात धुतात, भाच्याच्या बोटांच्या चिरा बघून माझी ताई मला बोलते, "तूच घातलास ना त्याला तिथं." विमा-बिमा काही नाही. कायद्यातला शिकाऊ उमेदवार असता तर कामावर इजा झाली की नुकसानभरपाईची तरतूद लागू झाली असती, इथं काही झालं तर वस्तादांची माणुसकी, तेवढीच. माणूस चांगला आहे म्हणून चाललंय. ते अठराच्या आतलं पोरगं मात्र घेत नाहीत, कितीही ओळखीचं असलं तरी, ते मानलं.

आणि बॅटरीची स्कूटर घेऊन गेलात तर सरळ सांगतात, "चाकं, ब्रेक, हँडल बघतो, बॅटरी आणि मोटरला हात लावत न्हाई." प्रामाणिकपणा म्हणून चांगलं आहे. पण भाचा बावीसचा आहे, त्याला पुढं चाळीस वर्षं काढायचीयत ह्या धंद्यात, आणि सांगलीत रोडला बघितलं तर दिसतंयच की काय येतंय ते. मीटर धरायला शिकलाय म्हणजे निम्मं आलंय, उरलेलं कुठनं शिकणार हा प्रश्नच आहे. वस्ताद म्हणतात मी स्वतः आधी शिकतो मग बघू. पन्नाशी ओलांडलेला माणूस हे म्हणतो तेव्हा पुढं काय बोलायचं.

मी त्यांना एकदा विचारलं, एवढं शिकवता, पोरं राहतात का? हसले. आतापर्यंत शिकवलेल्यातली बहुतेक गेली. एकानं कवठेमहांकाळला स्वतःचं गॅरेज टाकलं, दोघं शोरूमला, एक पुण्याला. म्हणाले, "शेजारचे मला येड्यात काढत्यात, दुसऱ्यासाठी पोरं तयार करतोस म्हणून. त्यांच्याकडं बघा, पोरगं पाच वर्षं ऱ्हातंय, कारण त्याला काय येतच न्हाई, जाणार कुठं?" आता ह्याच्यावर काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं शेजारच्यांचंच बरोबर आहे, हे पण खरंय. शिकवायचा खर्च एकट्या वस्तादाचा आणि फायदा सगळ्या रोडचा.

माझ्या डोक्यात एक आहे, ते लिहून टाकतो. ह्या रोडला पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून दोन-तीन पोरं घ्यावीत. चार महिने टू-व्हीलर, चार महिने कार, चार महिने ट्रॅक्टरचं डिझेल काम, ऊसाचा सीझन चालू झाला की ट्रॅक्टरवाल्यांकडं तसंही हात कमी पडतात. स्टायपेंड वाटून घ्यायचा, वही एकच, पोराबरोबर फिरणार. पोरगं शेवटी ज्याच्याकडं राहील त्यानं थोडे जास्त द्यायचे. आणि आयटीआयच्या सरांनी महिन्यातनं एकदा येऊन ती वही बघावी. वस्तादांना बोललो तर म्हणाले कल्पना चांगली आहे, पण शेजारी आणि मी एका हवेच्या पाइपावरनं दोन वर्षं बोलत नाही. असं आहे आपल्याकडं.

बाकी जायचं असेल त्यांच्यासाठी. सकाळी साडेनऊच्या आत गेलात तर त्याच दिवशी गाडी मिळायची शक्यता, नंतर गेलात तर उद्या. ऑइल तुमचं तुम्ही आणलेलं चालतं, डबा सीलबंद पाहिजे. पैसे मोबाईलवरनं घेतात. शेजारी चहा बरा मिळतो. आणि तक्रार सांगताना "गाडी नीट चालत नाही" असं सांगू नका, परत पाठवतील, म्हणजे प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडतील. कधी, कुठं, किती स्पीडला, घरनं आठवून जावा.

माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकचा आवाज यायला लागलाय आठवडाभर. रात्री भाच्याला फोन केला, म्हटलं उद्या आणतो, लायनर गेले असतील बहुतेक. तिकडनं पोरगं म्हणतंय, "मामा, थांब की जरा, आवाज सकाळी पहिल्यांदा येतो का दिवसभर? आणि गाडी धुतल्यावर येतो का कोरडी असताना पण?" मला सांगता आलं नाही. आता दोन दिवस बघून मग नेणार आहे.